लष्करी कोटेड कापड: बाजार वाढेल, पण कोटिंग लाइन आत्ताच टाकू नका

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. इचलकरंजीत तुमचे रॅपियर माग (धोट्याशिवाय चालणारे) आहेत. आजवर शर्टिंग विणत आलात, त्यात आता मजुरी सुटत नाही. लष्करी वापराच्या कोटेड कापडाची, म्हणजे पाणी-हवा अडवणारा प्लॅस्टिकसारखा थर मारलेल्या कापडाची, बाजारपेठ दहा वर्षांत जवळपास दुप्पट होणार, असा एक रिपोर्ट तुमच्या वाचनात आला. बँक कर्ज द्यायला तयार आहे. तेव्हा कोटिंग लाइन टाकावी का, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी केली की ऑर्डरी येऊ लागतात का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी कोटिंगच्या धंद्यात दोन दशकांहून जास्त काळ आहे. आधी शॉप फ्लोअरवर होतो, मग क्वालिटीत, आता सल्ला देतो. बाजार वाढेल का, तर वाढेल. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. लष्कराची गरज कागदावर उमटल्यापासून तुमच्या खात्यात पैसे पडेपर्यंत जो काळ जातो, तेवढा काळ हप्ते भरत तुम्ही तग धराल का? याचं उत्तर तुमच्या भांडवलावर, मागांच्या पन्ह्यावर, जागेवर आणि सॉल्व्हंट (थराचं रसायन विरघळवणारा द्रव) वापरायची परवानगी मिळते का यावर अवलंबून आहे. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून काही ठिकाणी मी 'असं असेल तर' म्हणत बोलणार आहे.

रिपोर्टमधले आकडे हवेतले नसतात. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २.७२ लाख कोटी डॉलरवर गेला. एका वर्षात ९.४ टक्के वाढ. जून २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत नाटो देशांनी २०३५ पर्यंत संरक्षण आणि त्याच्याशी जोडलेल्या कामांवर जीडीपीच्या ५ टक्के खर्च करायचं ठरवलं. सैन्यावर खर्च वाढला की तंबू, ताडपत्र्या, पाठपिशव्या, रेनकोट यांची मागणीही थोडीफार वाढतेच. पण जागतिक आकड्यातला मोठा हिस्सा आपल्यासाठी नाहीच. अमेरिकेत १९४१ पासून बेरी अमेंडमेंट नावाची तरतूद आहे. त्यांच्या संरक्षण खात्याने घ्यायचं कापड, थोडे अपवाद सोडले तर, धाग्यापासून शिलाईपर्यंत अमेरिकेतच बनलेलं लागतं. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तुमच्या यादीतून पहिल्याच फटक्यात गेला. युरोप बंद नाही, पण तिथे रसायनांचे नियम घट्ट होत चाललेत. पाणी ओघळून जावं म्हणून कापडावर जे फ्लोरोकार्बनचं फिनिश मारतात, त्या कुळातल्या पीएफएचएक्सए नावाच्या रसायनावर युरोपीय संघाने सप्टेंबर २०२४ मध्ये निर्बंध आणले. रोख सामान्य ग्राहकांच्या कपड्यांवर आहे, तरी तिकडचे बरेच खरेदीदार आता फ्लोरिनमुक्त फिनिश मागतात. नव्या माणसाने पहिला माल तिकडे पाठवायचं मनात आणू नये.

राहिला आपला देश. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी रुपयांचं होतं. त्यातले सुमारे १.६० लाख कोटी पेन्शनसाठी होते आणि १.८० लाख कोटी भांडवली खरेदीत, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा. तंबू आणि पिशव्यांचे पैसे येतात महसुली खर्चातून. त्यातही पगार वगळून जे उरतं त्यात इंधन, दारूगोळा, सुटे भाग, राशन आणि आपलं कापड अशी रांग आहे. बजेट वाढलं की वाढीचा पहिला घास ड्रोन आणि क्षेपणास्त्रं घेतात. 'संरक्षण बजेट इतके टक्के वाढलं, म्हणजे कोटेड कापडही तेवढं वाढणार' हा हिशेब त्यामुळे जुळत नाही. मला विचाराल तर मीटरमध्ये वाढ मंद असेल आणि दर्जात वेगाने होईल. तेवढंच कापड, पण हलकं, मजबूत, थंडीत न तडकणारं आणि जास्त दराचं.

आता वेळेबद्दल, कारण खरा घात तिथे होतो. सरकारी नोंदीतलं एक उदाहरण सांगतो. सैन्याला १ लाख ८६ हजार बुलेटप्रूफ जॅकेटं हवीत, याला संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी परिषदेने २००९ मध्ये मंजुरी दिली. चाचण्या झाल्या, नमुने नापास झाले, निविदा पुन्हा निघाल्या. ६३९ कोटींचा करार शेवटी झाला एप्रिल २०१८ मध्ये. अशा जॅकेटचं बाहेरचं कव्हर म्हणजे साधारण आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर मारलेलं नायलॉन. २००९ ची मंजुरी पेपरात वाचून कुणी त्या कव्हरसाठी लाइन टाकली असती, तर करार होईपर्यंत त्याचं कर्ज फिटलं तरी असतं नाहीतर लाइन लिलावात गेली असती. सगळ्या वस्तूंना एवढा वेळ लागत नाही हे मान्य. पण मागणी गठ्ठ्याने येते, मग एकदम शांतता, हा स्वभाव सगळीकडे सारखाच. उलटंही घडतं. २०२० मध्ये गलवानला चीनशी झालेल्या चकमकीनंतर लडाखमध्ये सुमारे ५० हजार जादा सैनिक उभे राहिले आणि थंडीचे कपडे, तंबू यांची खरेदी घाईने करावी लागली. त्या घाईत ज्यांचं कापड आधीच पास झालेलं होतं त्यांनाच माल देता आला. बाकीचे नमुनेच पाठवत राहिले.

तुमचा गिऱ्हाईक नेमका कोण, हेही नीट समजून घ्या. सैन्य तुमच्याकडून कापड घेत नाही, तंबू घेतं. तंबूवाला कोटेड कापड घेतो आणि कोटिंगवाला कोरं, म्हणजे थर न मारलेलं, कापड. म्हणजे विणकर तिसऱ्या पायरीवर. लष्करी सामान बनवणारे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातली ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड कपडे, तंबू आणि इतर साहित्य बनवते, ग्लायडर्स इंडिया पॅराशूट बनवते. दोघींची मुख्यालयं कानपूरला. डीआरडीओची साहित्य-संशोधनाची प्रयोगशाळा डीएमएसआरडीई कानपूरला, कापड आणि कपड्यांची तपासणी करणारं सीक्यूए कार्यालयही कानपूरला. या धंद्याचं पंढरपूर तेच. वारी केल्याशिवाय काही कळत नाही. ट्रूप कम्फर्ट्सचे कारखाने कोरं आणि कोटेड कापड निविदेतून घेतात, आणि २०१७ पासून कपडे-तंबूंसारख्या बऱ्याच वस्तू 'नॉन-कोअर', म्हणजे सरकारी कारखान्यांकडूनच घ्यायची सक्ती नसलेल्या, ठरल्यामुळे खाजगी शिलाईवालेही मैदानात आहेत. तुमच्यासाठी हे चांगलंच, कारण विकायला दारं जास्त झाली.

कोणत्या कापडात जीव आहे, यावर माझं मत ऐका. तंबू आणि ताडपत्रीत मीटर सगळ्यात जास्त आणि पैसा सगळ्यात कमी. कॉटन कॅनव्हास हळूहळू मागे पडतोय, पॉलिस्टरवर पीव्हीसी किंवा पीयू येतंय, पण दर खाली ओढणारे खूप आहेत. उंच थंड भागात साधं पीव्हीसी चालतच नाही. त्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे मऊपणा देणारं रसायन, थंडीत काम देत नाही, कापड कडक होतं आणि घडीवर तडकतं. दुसऱ्या टोकाला फुगवायच्या वस्तू: बोटी, घडी होणाऱ्या इंधनाच्या टाक्या, एरोस्टॅट (दोराने बांधून हवेत ठेवायचे फुगे). डीआरडीओच्या आग्र्यातल्या एडीआरडीई प्रयोगशाळेने ३ मे २०२५ ला मध्य प्रदेशात श्योपूरला स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जाणाऱ्या एअरशिपचं पहिलं उड्डाण केलं, ते सुमारे १७ किलोमीटर उंचीवर गेलं. त्या फुग्याचं बहुपदरी कापड म्हणजे आमच्या धंद्यातलं सर्वांत अवघड काम. हवा धरायची, ऊन सोसायचं आणि वजनही नको. किंमत उत्तम, पण मीटर इतके कमी की त्यावर कारखाना चालत नाही. थंडीच्या कपड्यांचं लॅमिनेट, ज्यात पातळ पटल कापडाला चिकटवतात, त्याला मागणी नक्की आहे. डीआरडीओने अधिक १५ ते उणे ५० अंशांपर्यंत चालणाऱ्या तीन थरांच्या कपड्यांचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२१ मध्ये पाच भारतीय कंपन्यांना दिलं. मात्र चांगलं पटल अजून बरंचसं बाहेरून येतं आणि त्या खेळात भांडवल खूप लागतं. तिथे तुम्ही शिरू नका.

तुमच्यासाठी जागा मधे आहे: पाठपिशव्या, जॅकेटची कव्हरं, पाउच, शस्त्रांच्या खोळी. ५०० आणि १००० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन किंवा हाय टेनॅसिटी, म्हणजे जास्त ताकदीचं, पॉलिस्टर, मागे पीयू. चांगल्या स्थितीतल्या रॅपियरवर हे विणता येतं. शिवाय हे कापड नुसतं सैन्य घेत नाही. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशी केंद्रीय पोलीस दलं मिळून मनुष्यबळ दहा लाखांच्या आसपास जातं आणि त्यांची खरेदी गृह मंत्रालयाच्या बाजूने, वेगळ्या नमुन्यांवर होते. राज्यांचे पोलीस आहेत, एनडीआरएफ आहे, ट्रेकिंगच्या बॅगा बनवणारे आहेत. एका दारात शांतता असली तरी माग बंद पडत नाही. निर्णय घेताना मी हा मुद्दा सगळ्यात वर ठेवतो.

आता कापडाबद्दल थोडं खोलात जातो, कारण शर्टिंगमधून आलेल्या माणसाला इथेच धक्के बसतात. कोटिंग कापडातले दोष झाकत नाही, उघडे पाडतं. शर्टिंगमध्ये एखादी गाठ, तुटका धागा, जाड पीक (आडवा धागा) व्यापारी कटौती करून चालवून घेतो. कोटिंगच्या सुरीखाली, म्हणजे थर पसरवणाऱ्या पात्याखाली, गाठ आली की ती तिथे अडते आणि मागे मीटरभर लांब ओरखडा सोडते, किंवा गाठीच्या टोकाला थर इतका पातळ राहतो की पाण्याच्या दाबाच्या चाचणीत नेमका तिथूनच थेंब फुटतो. किनार घट्ट असली तर रोलरवर कापड मधे फुगतं, मग मधे एक जाडी आणि कडेला दुसरी. सैल असली तर उलट. रॅपियरवर किनारीचा ताण सांभाळणारा जॉबर (माग जुळवणारा कारागीर) तुमच्याकडे आहे का, हे लाइनच्या कोटेशनपेक्षा आधी बघा.

दुसरी गोष्ट खळ आणि धाग्यावरचं तेल. फिलामेंट (अखंड तंतूंच्या) धाग्यावर स्पिन फिनिश म्हणजे तेलकट लेप असतो, सायझिंग केलं असेल तर खळ असते. हे पूर्ण धुऊन निघालं नाही तर पीयू कापडाला धरतच नाही. लाइनवर सगळं छान दिसतं. चिकाटीच्या चाचणीत, म्हणजे थर किती घट्ट चिकटलाय हे बघताना, तो थर सालीसारखा निघून येतो. मग कोटिंगवाला म्हणतो कापड खराब, विणकर म्हणतो केमिकल खराब, आणि तोट्याची भांडणं वर्षभर चालतात. मी नेहमी सुचवतो की धुलाई आणि हीट-सेटिंग (उष्णतेने कापडाचं माप पक्कं करणं) कोण करणार, आणि त्यानंतर कापडात किती अंश राहिला हे कोण मोजणार, हे सौद्याच्या कागदावर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट साठवण. सैन्याचा माल डेपोत वर्षानुवर्षं पडून असतो, मग एक दिवस बाहेर निघतो. पॉलिएस्टर जातीचं स्वस्त पीयू दमट हवेत हळूहळू पाणी शोषून तुटतं. नवं असताना सगळ्या चाचण्या पास, काही पावसाळ्यांनंतर चिकट आणि पापुद्रे सुटलेलं. पॉलिइथर जातीचं त्या बाबतीत टिकतं, पण महाग पडतं. निविदेत नुसतं 'पीयू कोटेड' लिहिलेलं असेल तर सगळ्यात कमी दरवाला स्वस्तातलं मारणार, हे उघड आहे. दमट-उष्ण हवेत जुनं करून घेतलेली चाचणी जिथे मागतात अशाच कामांमागे जा. तिथे स्वस्तवाले गळतात आणि दर जगण्यापुरता राहतो. छपाईच्या कापडात आणखी एक सापळा: कॅमफ्लाजचे रंग डोळ्यांना जुळून भागत नाही, रात्रीच्या दुर्बिणीला दिसणाऱ्या निअर इन्फ्रारेडमध्येही झाडाच्या पानासारखे दिसावे लागतात. ते काम अनुभवी प्रोसेस हाउसवरच (रंगाई-छपाईच्या कारखान्यावर) सोडा.

तपासणी आणि पैसा. ऑर्डर मिळाल्यावर आधी आगाऊ नमुना, तो सीलबंद नमुन्याशी आणि स्पेसिफिकेशनशी ताडतात, मग उत्पादन, मग लॉटची तपासणी. कोटेड कापडाच्या चाचण्यांसाठी आयएस ७०१६ ही मालिका मूळ धरतात. ती विकत घेऊन वाचाच. नापास शर्टिंग कुठेतरी खपतं, पुन्हा रंगवता येतं. नापास कोटेड कापड उकलता येत नाही, ऑलिव्ह ग्रीनचा तो ढीग घेणारा पटकन सापडत नाही. उशीर झाला तर साधारणपणे आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के कपात होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदीच्या नव्या मॅन्युअलमध्ये यात सवलती आहेत, आणि देशात नव्याने विकसित केलेल्या वस्तूंना पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देता येईल अशी तरतूदही आहे. चांगलं पाऊल आहे. तिसऱ्या पायरीवरच्या विणकरापर्यंत ते झिरपायला वेळ लागेल, एवढंच.

कोटिंग लाइनबद्दल. सॉल्व्हंटवर चालणारी लाइन म्हणजे नुसतं यंत्र नव्हे. टोल्यूइन, एमईके असलं ज्वालाग्राही द्रव साठवायला स्फोटक विभागाच्या म्हणजे पेसोच्या अटी, प्रदूषण मंडळाची संमती, सॉल्व्हंट परत पकडायची यंत्रणा, आगीची व्यवस्था. पंचगंगेच्या प्रदूषणावरून इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांवर आधीच किती नजर आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. गावात शेड घेऊन हे जमणार नाही, एमआयडीसीत प्लॉट बघावा लागेल. पाण्यावर आधारलेल्या पीयूने काही त्रास वाचतो, पण पाणी सुकवायला उष्णता जास्त लागते, आणि जड कापडावर एकसारखा थर बसवायला हात बसावा लागतो. पावसाळ्यात नायलॉन आधीच ओल धरतं. ते नीट सुकवून न घेता सुरीखाली घातलं की थरात बुडबुडे आणि सूक्ष्म भोकं. किनारपट्टीच्या कारखान्यात जुलै-ऑगस्टमधला माल मी कायम जास्त तपासायला लावत असे.

सरकारी योजनांची नावं तुम्हाला बँकेनेही ऐकवली असतील. नॅशनल टेक्निकल टेक्स्टाइल्स मिशन २०२० मध्ये १,४८० कोटींचं मंजूर झालं. त्याचा भर संशोधन, प्रशिक्षण आणि बाजारवाढीवर आहे, तुमच्या यंत्राच्या हप्त्यावर नाही. उत्पादनावर प्रोत्साहन देणारी पीएलआय योजना १०,६८३ कोटींची, पण तिची मूळ किमान गुंतवणूकच १०० कोटी होती. राज्याचं २०२३-२८ चं वस्त्रोद्योग धोरण मात्र बारकाईने वाचा, टेक्निकल टेक्स्टाइलच्या भांडवली अनुदानासाठी तेच तुमच्या मापाचं आहे. फक्त अनुदान प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत ते हिशेबात धरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर असा चाललो असतो. आधी दोन-तीन रॅपियर वेगळे काढून ५०० डेनिअर पॉलिस्टर आणि नायलॉन विणायला घेतलं असतं, फक्त कोरं कापड. ते मुंबई-ठाणे-तारापूर किंवा गुजरातच्या पट्ट्यातल्या कोटिंगवाल्याकडून जॉबवर्कवर पीयू मारून घेतलं असतं. चाचणीला लांब जायची गरज नाही. तुमच्या गावातच डीकेटीई हे वस्त्रोद्योगाचं महाविद्यालय आहे, मुंबईत बीटीआरए आणि सासमिरा या कापडाच्या संशोधन संस्था आहेत. तो माल आधी ट्रेकिंग बॅग आणि चांगल्या सामानाच्या पिशव्या बनवणाऱ्यांना विकायचा. त्यांच्या तक्रारी लवकर येतात, पैसेही सैन्याच्या मालापेक्षा लवकर येतात. खरेदीदाराने ४५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे दिले नाहीत तर त्याला आयकरात त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, त्यामुळे तुमची उद्यम नोंदणी असेल तर तगादा लावायला थोडं बळ असतं. एवढं स्थिर झालं, लागोपाठच्या लॉटमध्ये चिकाटी आणि पाण्याचा दाब यांचे आकडे एकसारखे यायला लागले, की मग निमलष्करी दलांना माल देणाऱ्या शिलाईवाल्यांकडे नमुने न्यायचे. सैन्य त्यानंतर. लाइन सगळ्यांत शेवटी, आणि तीही नागरी मालावर निम्मी तरी भरत असेल तरच.

तुमच्याकडे आधीच मोठं भांडवल, एमआयडीसीत जागा आणि कोटिंगमधला मुरलेला माणूस असेल, तर हा क्रम थोडा पुढेमागे करता येईल. तिन्हींपैकी एक जरी नसलं तरी करू नका.

जेमचं उत्तर छोटं आहे. नोंदणी जरूर करा, फुकट आहे. लघुउद्योगाला अनामत रकमेतून सूट आणि खरेदीत २५ टक्क्यांचं लक्ष्य या सवलती खऱ्या आहेत. पण तिथे सरकार तयार वस्तू मागतं, कोऱ्या कापडाच्या थोड्याच निविदा असतात, आणि पूर्वी पुरवठा केल्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी लागतो. पहिलं वर्षभर जेम फक्त वाचायला वापरा. कानपूरच्या कारखान्यांनी आणि दलांनी कुठलं कापड, किती ग्रॅमचं, किती मीटर मागितलं आणि बोली कितीला गेली, याची वही ठेवा. पुढच्या वेळी बँकेत जाताना रिपोर्टऐवजी ती वही घेऊन जा, आणि कर्ज मागायचंच असेल तर ते तूर्त किनार सांभाळणारी नवी अटॅचमेंट, वार्पिंग (उभे धागे गुंडाळायचं यंत्र) आणि एका चांगल्या तपासणी टेबलापुरतं मागा.